सीलबंद पाकिटाची पूजा

अमेरिकेतला दसरा शनिवारी येतो. पंचांगात तो मंगळवारी असो नाहीतर गुरुवारी, न्यू जर्सीच्या वेस्ट विंडसरमध्ये तो शनिवारी सकाळी अकराला येतो, आणि तेही पार्किंग कुठे करायचं ते विचारून. एका वर्षी पाडव्यानं बुधवारीच यायचा हट्ट धरला होता. हिमानीनं त्याला दारातच अडवून सांगितलं, ‘शनिवारी ये बाबा, आज माझा क्लायंट कॉल आहे,’ आणि तो गुमान परत गेला, असं शेजारचे अजून सांगतात.

यंदा तिच्या घरात माणसं सहा होती आणि खोकी साठ. खोकी तिच्या धाकट्या भावाची, सत्यजितची. जुलैमध्ये तो नोव्हायहून, म्हणजे मिशिगनहून, बायको नीलांबरी आणि मुलगी रुचा यांना घेऊन इथे नोकरीला आला आणि ‘फक्त महिनाभर’ म्हणून बहिणीच्या बेसमेंटमध्ये उतरला. आता ऑक्टोबर लागला होता. खोक्यांची गर्दी एवढी, की सत्यजितला आठवडाभर डावा बूट सापडला नाही आणि भारतातून आलेले एकनाथकाका तर दीड दिवस सापडले नाहीत. अखेर ते ‘किचन, नाजूक’ लिहिलेल्या खोक्यामागे घोरताना मिळाले. हिमानीचा नवरा तेवढा सुटला होता. त्याच्या कंपनीनं त्याला दोन महिन्यांसाठी सांता क्लाराला पाठवलं होतं, आणि तो फोनवर फार दुःखी असल्यासारखं बोलायचा.

स्वयंपाकघरात मीनाक्षीबाई, म्हणजे हिमानी-सत्यजितची आई, पुऱ्या तळत होत्या. श्रीखंड फ्रिजमध्ये होतं. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून रुचानं अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं तोडून ताटात रचली होती. दिसायला आपट्याची चुलत बहीणच, आणि ऑक्टोबरात पिवळीधमक होणारी. या देशात सोनं निदान सोन्याच्या रंगाचं तरी मिळतं.

डायनिंग टेबलाशी नीलांबरी बसली होती. तिला दसऱ्यापेक्षा मोठी चिंता होती. कुरियरचं दुकान दोनला बंद होणार होतं.

अकरा वर्षं ती नोव्हायच्या एका मिडल स्कूलमध्ये गणित शिकवत होती. मिशिगन राज्याचं शिक्षकाचं लायसन्स तिच्याकडे होतं, पण ते मिशिगनचं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज तिथेही एकशे ऐंशी आणि इथेही एकशे ऐंशी, पण ती पोरांना सांगायची परवानगी प्रत्येक राज्याची वेगळी. बोटांचे ठसे देऊन झाले होते. मिशिगनचं पत्र पोचलं होतं. अडलं होतं ते तिच्या नागपूरच्या बी.एस्सी. आणि बी.एड.वर. पूर्वी ज्या कंपनीनं या पदव्या तपासून दिल्या होत्या ती केव्हाच बंद पडली होती, आणि नव्या कंपनीची अट एकच होती. गुणपत्रकं कॉलेजनं स्वतः बंद केलेल्या पाकिटात हवीत, झाकणावर शिक्का हवा. पाकीट उघडलेलं असलं तर बाद.

नागपूरला तिच्या बहिणीचा मुलगा कृष्णा कॉलेजात सात चकरा मारून असं पाकीट घेऊन आला आणि त्यानं ते कुरियरनं पाठवलं. बुधवारी ते इथे पोचलं. नीलांबरी त्या दिवशी नोव्हायला होती, तिथलं न विकलं गेलेलं घर एजंटला दाखवायला. ती काल, शुक्रवारी रात्री परतली.

आता फक्त हे पाकीट मोठ्या पाकिटात घालायचं आणि धाडून द्यायचं. इथल्या शाळेनं सातवीचा वर्ग तिच्यासाठी ऑक्टोबरअखेरपर्यंत राखून ठेवला होता. नोव्हायच्या शाळेनंही बिनपगारी रजा ऑक्टोबरअखेरपर्यंतच दिली होती. एकतीस तारखेपर्यंत इथलं लायसन्स आलं नाही तर इथला वर्ग जाणार, आणि तोवर ती नोव्हायला परतली नाही तर तिथली कायमची जागाही जाणार.

तिनं खणातून पाकीट काढलं. ते तिला जरा सैल लागलं. उलटं करून बघितलं तर झाकण आत खोचलेलं, लग्नपत्रिकेचं खोचतात तसं. उदबत्तीचा वास आला.

आत नऊ कागद होते. नऊच्या नऊ कागदांवर वर, मधोमध, कुंकवानं ‘श्री’ काढलेला. खाली हळदीचं बोट. तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रकात गणितापुढे जे ९४ होते, त्यातल्या नवाच्या पोटात अक्षतेचा एक दाणा घट्ट चिकटून बसला होता.

“हे कोणी उघडलं?”

तिनं आवाज चढवला नव्हता. पण तो तिचा वर्गातला आवाज होता, अठ्ठावीस पोरांना जागच्या जागी बसवणारा. वरच्या मजल्यावर हिमानीचा व्हॅक्यूम थांबला. काही जण म्हणतात, शेजारच्या घरातलाही थांबला.

“मी नाही!” सोफ्यावरून एकनाथकाका म्हणाले. सत्यजितचे हे धाकटे काका भंडाऱ्याला पोस्टमास्तर होते. “छत्तीस वर्षं पोस्टात काढली मी, सूनबाई. मी पाकीट उघडलं असतं तर तुला कळलं नसतं.”

जिन्यावरून रुचा उतरली. सोळा वर्षांची, एका कानात इअरफोन. तिनं आईच्या हातातले कागद पाहिले. मग तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथून तळणीचा आवाज येईनासा झाला होता.

“आय डिड इट,” ती म्हणाली. “सॉरी, मम्मा. मला वाटलं माझं आहे.”

“नागपूरच्या कॉलेजातून तुला पत्र आलं?”

“आय डोण्ट नो. पॉसिबल आहे.”

“आणि हळदकुंकू?”

रुचानं जरा विचार केला. “एस्थेटिक म्हणून.”

नीलांबरीनं एक कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. “एक श्री काढून दाखव.”

रुचानं काढला. तो निम्मा पाच होता आणि निम्मा बदक होता.

“माझ्यासमोर रोज अठ्ठावीस जण खोटं बोलतात, रुचा. तुझ्यापेक्षा बरं बोलतात.”

*

मीनाक्षीबाईंनी गॅस बंद केला होता. कढईत एक पुरी टम्म फुगून एकटीच तरंगत होती. त्यांना ती आपल्यासारखीच वाटली. बाहेर पडायची सोय नाही आणि तेल अजून गरम.

गुरुवारी घरात कोणी नव्हतं. हिमानी आणि सत्यजित ऑफिसला, रुचा शाळेत, एकनाथभाऊजी होते पण झोपलेले, म्हणजे नव्हतेच. एकोणऐंशी वर्षांत त्यांचा दसरा कधी चुकला नव्हता. फ्रिजवरचा किराणा लिहायचा पांढरा फळा त्यांनी खाली काढला. आधी ‘अंडी’ पुसलं, दोनदा पुसलं, मग एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, पाटीवर काढतात तशी. प्रत्येकाचं हत्यार पूजेला हवं. हिमानीचा लॅपटॉपचा चार्जर ठेवला, सत्यजितचे स्क्रूड्रायव्हर ठेवले, रुचाचा जुना कॅलक्युलेटर ठेवला. भाऊजींची चष्म्याची डबी ठेवली. नीलांबरीचं काय ठेवायचं? तिची पुस्तकं, तिची कंपासपेटी, तिचे लाल पेन, सगळं त्या साठांतल्या कुठल्यातरी खोक्यात. हाताशी होतं फक्त हे पाकीट. ज्याच्यासाठी सून तीन महिने झोपली नव्हती, ते पाकीट.

पण बंद पाकिटाला कुंकू कसं लावायचं? देवीला कळायला नको आत काय आहे? जांभळा शिक्का त्यांना पोस्टाचा वाटला. सुरी न लावता, वाफ न देता, नखानं हळूच सोडवलं त्यांनी ते, कडा जराही फाटू न देता. पूजा झाली. कागद वाळवले. परत तसेच्या तसे घातले.

पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या.

“ती नाही. मी उघडलं.”

“आई!” जिन्यावरून हिमानी. “कंपनीची अट आहे ना, उघडलं तर बाद! कशाला उघडलंस?”

“पूजेला. दसऱ्याच्या.”

“दसरा आज आहे ना पण?”

“दसरा गुरुवारी होता,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “आज तुमचा आहे.”

हिमानी तिथेच एका पायरीवर बसली. व्हॅक्यूमची नळी तिच्या हातात होती. “एकटीनं केलीस? मला सांगितलं का नाहीस?”

“तू कामात होतीस. आणि एकटी कुठे, देवी होती की.”

नीलांबरी कागदांकडे बघत राहिली. रागवायला तिच्याकडे भरपूर कारण होतं, आणि रागवावं असं माणूस समोर नव्हतं. ही मोठी वाईट अवस्था. असल्या वेळी बायका भांडी घासतात. तिनं कागद नीट एकावर एक लावले, कडा जुळवल्या, पुन्हा विस्कटल्या आणि पुन्हा जुळवल्या.

*

“काही घाबरायचं काम नाही,” एकनाथकाका उठले. “डिंक आहे का घरात? अन् इस्त्री. एकोणिसशे शहाऐंशीच्या पुरात आमच्या पोस्टात चार हजार पत्रं भिजली होती. एका रात्रीत वाळवून, चिकटवून, सकाळी वाटून टाकली. एकाही माणसाला शंका आली नाही. उलट तिघांची लग्नं जमली, चुकीच्या पत्रानं.”

“ग्लू स्टिक आहे,” सत्यजित पटकन म्हणाला. तो इंजिनियर होता. तुटलेली वस्तू दिसली की आधी जोडायची आणि मग का तुटली ते बघायचं, असं त्याचं शास्त्र. “शिक्का शाबूत आहे. पर्फेक्ट बसेल. काका, तुम्ही धरा.”

“बाबा, दॅट्स फ्रॉड,” रुचा म्हणाली.

“फ्रॉड काय त्यात? कागद खरे आहेत ना!”

“आणि आत नऊ श्री आहेत,” हिमानी म्हणाली. “तपासणाऱ्या बाईला काय सांगशील, कॉलेजचा लोगो आहे म्हणून?”

“पुसता येईल.”

“हळद?” मीनाक्षीबाई आणि हिमानी एकदम म्हणाल्या. दिवसभरात दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

“मी चिकटवणार नाही,” नीलांबरी म्हणाली. “पुसणारही नाही. गेल्या वर्षी मी एका पोराला कॉपी करताना पकडलं. तो मला म्हणाला, मिसेस पी., उत्तर तर खरंच आहे ना. मी त्याचा पेपर काढून घेतला. मग आता हे करू?”

सत्यजितनं ग्लू स्टिकचं टोपण लावलं.

तिनं कृष्णाला फोन लावून नवं पाकीट कधी मिळेल ते विचारलं. नागपूरला रात्रीचे साडेनऊ झाले होते. स्पीकरवर त्याचा आवाज आला. “मावशी, सांभाळून बसली आहेस ना? परीक्षा विभागाचा माणूस दिवाळीनंतर भेटणार. नवीन पाकीट निघेस्तोवर नोव्हेंबरचा मध्य. त्याच्या आधी मी त्याच्या घरी जाऊन बसलो तरी नाही. तसा मी बसलो होतो मागच्या वेळी.”

“बरं रे. जेवलास का?”

“जेवलो. मावशी, पण झालं काय त्या पाकिटाला?”

नीलांबरीनं सासूकडे पाहिलं. “वाटेत उघडलं गेलं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मीनाक्षीबाईंना ते वाक्य शिव्यांपेक्षा जड गेलं.

*

नोव्हेंबरचा मध्य म्हणजे इथला वर्ग गेला. आता उरलं नोव्हाय. परत जायचं, जूनपर्यंत तिथे शिकवायचं, तोवर इथलं लायसन्स काढायचं. किंवा इथेच राहायचं, दोन्ही जागा सोडायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करत फिरायचं.

“वर्षभर ब्रेक घे ना,” सत्यजित म्हणाला. “अकरा वर्षं धावते आहेस. जरा आराम कर.”

“आराम?” हिमानीनं नळी खाली ठेवली. “तू घेशील का रे आराम? तिनं तिकडची कायमची जागा सोडायची आणि इथे काय, माझ्या बेसमेंटची वॉचमनगिरी करायची? नीलांबरी, तू जा. सरळ जा.”

“ताई, तुम्ही नका मध्ये...” नीलांबरी म्हणाली.

“का नको? माझं बेसमेंट आहे.”

“सो मम्मा जाणार?” रुचानं कानातला इअरफोन काढला. “माझं ज्युनियर इयर आहे. मी आत्ताच स्कूल चेंज केलंय. मी पुन्हा मूव्ह करणार नाही.”

“तुला कोणी मूव्ह करत नाहीये.”

“मग तू एकटी राहणार त्या रिकाम्या घरात? विथ नो सोफा?”

सत्यजित हे सगळं ऐकत होता. सोफ्याचं ऐकून त्याला ते घर दिसलं. तिथल्या खिडकीशी ती संध्याकाळी पेपर तपासत बसायची, आणि तो गाडी लावताना रोज वर बघायचा. ‘जाऊ नकोस’ हे शब्द त्याच्या घशापर्यंत आले होते. पण हे शब्द बरे नाहीत, एवढं त्याला कळत होतं. म्हणून त्यानं ते गिळले आणि त्यांच्या जागी सभ्य शब्द काढले.

“हे बघ, तू ठरव. तुझी इच्छा.”

नीलांबरी उठली आणि कागद घेऊन बेसमेंटमध्ये गेली. मागे दार लागलं. आदळलं नाही. आदळलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं.

*

बेसमेंटला चौदा पायऱ्या होत्या. मीनाक्षीबाईंचे गुडघे जुलैपासून एकदाही त्या उतरले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना बंद. हिमानीनं सांगितलं होतं, आई, जिना बंद म्हणजे बंद. त्या कठड्याला धरून, आधी उजवा पाय, मग डावा, अशा उतरल्या. एवढा वेळ लागला की तेवढ्यात एकनाथकाकांनी वर तीन पुऱ्या खाल्ल्या आणि चौथी घेताना ‘तणावात भूक लागते’ असं जाहीर केलं.

“आई! तुम्ही कशाला आलात? गुडघे तुमचे...”

“गुडघे वर ठेवून आले,” त्या म्हणाल्या आणि एका खोक्यावर टेकल्या. “रडत होतीस?”

“नाही.”

“मग रडून घे. मी थांबते.”

नीलांबरीला हसू आलं आणि त्याच हसण्यात ती रडली. मीनाक्षीबाईंनी पदराचं टोक फक्त पुढे केलं. त्याला तुपाचा वास होता.

“माझं चुकलं,” मग त्या म्हणाल्या. “तू माझं नाव फोनवर घेतलं नाहीस, ते मी ऐकलं.”

“जाऊ द्या हो आई. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत.”

“जाऊ द्यायचं नाही. तू नोव्हायला जा.”

“कशी जाऊ?” नीलांबरीनं बोटं मोजायला घेतली, वर्गात मोजायची तशी. “रुचाचं अकरावीचं वर्ष. सत्यजितला कुकरच्या शिट्या मोजता येत नाहीत. आणि तुम्ही. तुमच्या बी.पी.च्या गोळ्या, डोळ्यांतले थेंब. दिवसभर घरी तुमच्याजवळ कोण?”

“रुचाला आत्या आहे. सत्यजित अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, शिट्या मोजायला हे वय बरं आहे. राहिले मी. तुला एक सांगते. हिमानीलाही ठाऊक नाही. लग्नाआधी मी आर्वीला मास्तरीण होते. चार वर्षं. तिसरीचा वर्ग.”

नीलांबरीच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि हे ती आज पहिल्यांदाच ऐकत होती.

“लग्न होऊन नाशिकला आले. जिल्हा बदलला की नोकरी नव्यानं शोधायची, तुमच्या या राज्यांसारखंच. अर्ज केला. वर्ष गेलं, दोन गेली. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा हिमानी पोटात होती. सातवा महिना. मी सासऱ्यांना विचारलं नाही, सासूला विचारलं नाही. तुझ्या सासऱ्यांना विचारलं, जाऊ का? भला माणूस. कधी आवाज चढवला नाही आयुष्यात. ते म्हणाले, ‘तुझी इच्छा.’”

“मग?”

“मग काय. ते ‘जा’ म्हणाले असते तर गेले असते. ‘जाऊ नको’ म्हणाले असते तर भांडून गेले असते. ‘तुझी इच्छा’ म्हटल्यावर माणूस कुठे जातो? तिथेच राहतो. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी सगळ्यांनी मला नाशिकची मीनाक्षीवहिनीच धरलं, आणि मीही धरलं.”

वर जिन्याच्या तोंडाशी एक फळी करकरली. तिथे सत्यजित उभा होता आणि त्याच्यामागे हिमानी. कान देऊन ऐकणं या घराण्यात वाईट मानत नाहीत, त्याला काळजी म्हणतात. हिमानीनं तोंडावर हात धरला होता. पोटातल्या मुलीला असं कळावं, बावन्न वर्षांनी, जिन्यावर उभं राहून.

“म्हणून तू जा,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “आणि मी येते तुझ्याबरोबर.”

“कुठे?”

“नोव्हायला.”

“आई, तिथे नोव्हेंबरात बर्फ पडतो. तुम्ही इथे फ्रिज उघडताना शाल घेता.”

“मग तिथे दोन घेईन. तू शाळेत जा. मी वरणभात करून ठेवीन, थेंब माझे मी घालीन, आणि दुपारी तुझ्या त्या खिडकीशी बसेन. मला इथे तरी कोण बोलायला आहे? भाऊजी बोलतात, पण ते मी लग्नापासून ऐकते आहे. जूनपर्यंत राहू. तोवर कृष्णाला नवं पाकीट काढायला सांग, आणि ते थेट त्या कंपनीकडे धाड म्हणावं. घरी नको. घरी मी असते.”

नीलांबरी आता मोकळी हसली. हसता हसता तिनं सासूच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, दुखऱ्या नव्हे, त्यातल्या त्यात बऱ्या गुडघ्यावर.

सत्यजित खाली आला. खोक्यांमधून वाट काढत, एकदा अडखळत.

“मला ‘जाऊ नकोस’ म्हणायचं होतं मघाशी,” तो म्हणाला. “ते बरं दिसलं नसतं म्हणून मी ते दुसरं म्हटलं.”

“आता काय म्हणतोस?” नीलांबरीनं मान न उचलता विचारलं.

“जा. एक तारखेला मी गाडीनं सोडतो दोघींना. दहा तास. जा तू, आणि मला फार वाईट वाटेल. दोन्ही खरं आहे.”

“हे ठीक आहे,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “हे कळतं माणसाला.”

एका खोक्यावर लॅपटॉप ठेवून नीलांबरीनं नोव्हायच्या प्रिन्सिपल बाईंना चार ओळी लिहिल्या. सोमवारी, तीन नोव्हेंबरला मी रुजू होते. माझा वर्ग मलाच द्यावा. मग तिनं इथल्या शाळेलाही लिहिलं, सगळं खरं, पूजेसकट. पाठवायच्या आधी मीनाक्षीबाईंनी ते चष्मा चढवून वाचून घेतलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घालायला लावला, आणि मग मान हलवली. नीलांबरीनं बटण दाबलं.

“आता वर कसं न्यायचं तुला?” हिमानी अर्ध्या जिन्यात येऊन उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. “कोणी सांगितलं होतं उतरायला? जिना बंद म्हणजे बंद, असं किती वेळा...” आणि तिनं नुसता हात पुढे केला.

वरात निघाली. पुढे हिमानी आईचा हात धरून, मध्ये मीनाक्षीबाई, मागे नीलांबरी पाठीला हात लावून, आणि सगळ्यात मागे सत्यजित, सगळे एकदम कोसळले तर झेलायला. वरून रुचा ओरडत होती, “आजी, स्लो! वन ॲट अ टाइम!” आणि एकनाथकाका पायऱ्या मोठ्यानं मोजत होते, चुकीच्या.

अर्ध्यावर मीनाक्षीबाई थांबल्या. कठड्याला टेकून त्यांनी दम घेतला.

“तिथली पोरं तुला काय म्हणतात गं?”

“मिसेस पी. पिंपळापुरे कोणाला जमत नाही.”

“मिसेस पी.,” मीनाक्षीबाईंनी म्हणून बघितलं. “छान आहे. आर्वीची पोरं मला नुसतं ‘बाई’ म्हणायची. रस्त्यात भेटली तरी, पाण्याच्या हंड्यापाशी भेटली तरी. नंतर कोणी म्हटलं नाही.” आणि त्यांनी पुढच्या पायरीकडे बघितलं. अजून सात होत्या.

नीलांबरीनं त्यांच्या पाठीवरचा हात जरा घट्ट केला.

“चला, बाई,” ती म्हणाली.